अंधारातले उद्योग: तंबू, ट्रायपॉड आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात रात्रीच्या आकाशाच्या फोटोंबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि मेलबॉक्स भरलाच, त्यातले अर्धे प्रश्न "कुठला कॅमेरा घेऊ" असे होते, ते सरळ बाजूला ठेवलेत. उरलेल्यांपैकी काहींची उत्तरं देतेय. कॅमेऱ्यापेक्षा तारीख आणि दिशा याबद्दल जास्त बोलणार आहे हे आधीच सांगते, कारण गाडी अडते ती तिथंच.

ताई, मागच्या डिसेंबरात आम्ही पाच जण हरिश्चंद्रगडाला गेलो होतो, अमावस्या बघून गेलो, आकाश एकदम क्लिअर होतं तरी आकाशगंगा आलीच नाही फोटोत, नुसते तारे. इन्स्टावर लोकांचे कोकणकड्यावरचे फोटो बघतो तर केवढा पट्टा दिसतो. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि १८-५५ची किट लेन्स आहे. लेन्स बदलू का? — एक ट्रेकर, डोंबिवली

लेन्स बदलू नकोस, महिना बदल. फोटोत जो जाड, ढगाळ, मधे काळ्या भेगा असलेला पट्टा दिसतो तो आकाशगंगेच्या केंद्राकडचा भाग, धनू आणि वृश्चिकेच्या मधला. डिसेंबरात खुद्द सूर्य त्याच भागात असतो, म्हणजे तो पट्टा दिवसा डोक्यावरून जातो आणि सूर्याबरोबरच मावळतो, मग रात्री तुला दिसणार कुठून. हिवाळ्यात मृगाच्या बाजूनं आकाशगंगा जाते खरी पण ती बाहेरच्या अंगाची, फिकट, चांगल्या अंधारातसुद्धा नजर ताणून बघावी लागते. त्यामुळे तुझी अमावस्या बरोबर होती, आकाश बरोबर होतं, सीझन चुकला एवढंच.

आपल्याकडचं वेळापत्रक साधारण असं आहे. मार्चच्या सुरुवातीला केंद्राचा भाग रात्री दोनच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, फोटोला खरी मजा साडेतीन ते साडेपाच. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात म्हणजे महिन्याला दोन तास, त्या हिशोबानं एप्रिलच्या सुरुवातीला बाराच्या आसपास आणि मेच्या मध्यावर साडेनऊ-दहालाच तो वर यायला लागतो. पण मेमधे कोकणातनं दमट हवा वर चढायला लागते आणि आकाश दुधाळ होतं, म्हणून मला स्वतःला मार्च-एप्रिलची पहाट जास्त आवडते, झोपमोड झाली तरी. जून ते सप्टेंबर ढग, त्याबद्दल बोलायलाच नको. आणि मग ऑक्टोबर, त्यात पट्टा संध्याकाळी अंधार पडला की नैर्ऋत्येला जवळजवळ उभा दिसतो आणि नऊच्या सुमाराला मावळून जातो.

आता गंमत बघ. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. मार्चमधे पट्टा उगवतो तो तुझ्या पाठीमागे, ऑक्टोबरात तो मावळतो तो कड्याच्या बाजूला. म्हणजे कडा आणि आकाशगंगा एका फ्रेममधे हवी असेल तर ऑक्टोबरची संध्याकाळ. त्यात लक्ष्मीपूजन असतंच आश्विन अमावास्येला, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत चंद्राचा त्रास नाही, घरचे ओरडतील ते वेगळं. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली तर उत्तम, नोव्हेंबरात गेली की अंधार पडेपर्यंत पट्टा क्षितिजाला टेकायला आलेला असतो, मग दिवाळीची वाट न बघता आदल्या अमावास्येला जायचं. भिंतीवरचं कालनिर्णय एवढ्यासाठी पुरतं, बाकी नेमकी दिशा बघायला फोनवर स्टेलॅरियम नावाचं आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर टाक.

किट लेन्सनं होतं का तर होतं. १८ वर ठेव, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक सगळ्यात उघडं, आकडा ३.५, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ३२००, फोटो रॉ फाइलमधे, म्हणजे कॅमेऱ्यानं न आवळलेला. शटर किती वेळ याचा जुना हिशोब म्हणजे ५०० भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा तो १८चा आकडा, पण तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे म्हणून १८ ला दीडनं गुणायचं, झाले २७, उत्तर येतं साडेअठरा सेकंद. हल्लीच्या सेन्सरवर तेवढ्यातही तारे किंचित लांबट दिसतात म्हणून पंधरा सेकंदच ठेव. एकच फोटो खरबरीत येईल, पण तसेच सोळा फोटो लागोपाठ काढून सिक्वेटरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधे एकावर एक बसवलेस तर खरबरीतपणा चौथ्या हिश्शावर येतो. महागड्या लेन्सचं निम्मं काम इथंच झालं.

आणि फोकस, यात सगळ्यात जास्त फोटो वाया जातात. ऑटोफोकस बंद. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नकोस, किट लेन्सवर ती नसतेच बहुतेक. लाइव्ह व्ह्यू चालू कर, एखादा ठसठशीत तारा मधोमध घे, ऑक्टोबरच्या संध्याकाळी वायव्येला उंचावर अभिजित असतो तो घे, स्क्रीनवर दहापट झूम कर, लेन्सचं झूम नाही हं, स्क्रीनचं. मग फोकसची रिंग अगदी हळू फिरव, तारा मोठा भोपळ्यासारखा दिसतो तो बारीक होत होत टिंब होतो आणि परत फुगायला लागतो, त्या बारीक टिंबावर परत ये आणि तिथं रिंगला कागदी चिकटपट्टी मार. चिकटपट्टी मारल्यावर १८चं २४ करायचं नाही, झूम हलवलं की फोकस गेला. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय, बंद. कड्यावर खालून वारा येतो तो भयानक असतो, ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नकोस, सॅक अडकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी अडकव, लोंबकळती ठेवलीस तर तीच झोके घेऊन कॅमेरा हलवते.

एक अजून, गडावर तंबू ठोकू देतात की नाही याचे नियम बदलत असतात, तो अभयारण्याचा भाग आहे, तेव्हा पाचनईत ज्यांच्याकडे जेवायला थांबता त्यांना आधी फोन करून विचारा.

मॅम, मी कॉलेजला आहे, कॅमेरा घेणं शक्यच नाही, फोननं काही होईल का? कासला कॅम्पिंग करायचा प्लॅन आहे. — एक विद्यार्थिनी, सातारा

होईल, बरंच होईल. पण आधी कासचं, पठारावर तंबू नाही लावायचा, ते जागतिक वारशाच्या यादीत आहे २०१२ पासून आणि तिथली माती इतकी पातळ थराची आहे की पायाखालीसुद्धा झाडं मरतात. बामणोलीकडे किंवा आसपासच्या गावात एखाद्या अंगणात राहा, आकाश तेच आहे.

फोनला हवा स्थिरपणा, बाकी सगळं नंतर. शंभर-दोनशे रुपयांचा मोबाइल होल्डर आणि कुठलाही ट्रायपॉड, नाहीतर दोन दगडांमधे टेकवून आकाशाकडे तोंड. शटर हातानं दाबायचं नाही, दहा सेकंदांचा टायमर. पिक्सेलमधे अ‍ॅस्ट्रो मोड आहे तो फोन हलत नाहीये हे ओळखून आपोआप चालू होतो आणि चार मिनिटांपर्यंत फोटो गोळा करत बसतो. आयफोन ट्रायपॉडवर ठेवला की नाइट मोडमधे काळोखात तीस सेकंदांपर्यंत जाऊ देतो, पण ते आकडे त्यावर बोट सरकवून स्वतः वाढवावे लागतात. बाकी अँड्रॉइडमधे प्रो मोड उघड, आयएसओ १६०० ते ३२००, शटर पंधरा-वीस सेकंद, फोकस हातानं डोंगराच्या चित्राकडे शेवटपर्यंत, रॉ असेल तर रॉ. अल्ट्रावाइड लेन्सचा मोह होईल कारण जास्त आकाश मावतं, पण तिचा सेन्सर छोटा असतो, मुख्य लेन्सच वापर. आणि मधेच फोन उचलून ग्रुपवर स्टोरी टाकायची नाही.

मॅडम, वय ६८, रिटायर्ड. भंडारदऱ्याला नातवंडांसोबत गेलो असता पौर्णिमेच्या चंद्राचे फोटो काढले, सर्व फोटोत चंद्राच्या जागी ट्यूबलाइट आली आहे. उपाय सुचवावा. — एक वाचक, नाशिक

काका, कॅमेऱ्याला वाटतं रात्र आहे म्हणून तो भरपूर प्रकाश घेतो, पण चंद्रावर ऊनच पडलेलं असतं हो, भर दुपारचं. तेव्हा सेटिंगही दिवसाचंच. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ११, शटर १/१००, यात खड्डे आणि डाग स्वच्छ येतील. फोन असेल तर जितका खरा झूम असेल तितका घ्या, चंद्रावर बोट ठेवून दाबून धरा आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा. डोंगरही हवा असेल तर पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारालाच उगवतो, त्या वीस-पंचवीस मिनिटांत दोन्हीकडे सारखा उजेड असतो, नातवंडं पण जागी असतात.

ताई, आम्ही मुलांना घेऊन पवनेच्या काठी कॅम्पला जाणार आहोत, बुकिंग झालंय. तिथं आकाश केशरी येतं म्हणे फोटोत. मग काय काढायचं? आणि मागे एकदा थंडीत काढले तेव्हा अर्ध्या तासानं सगळे फोटो धुरकट झाले होते ते का? — एक आई, पुणे

केशरी येणारच, एका बाजूला पुणे-पिंपरी, दुसरीकडे लोणावळा आणि तिसरीकडे शेजारच्या कॅम्पचा हॅलोजन. व्हाइट बॅलन्स चार हजार केल्व्हिनच्या आसपास ठेवलंत तर रंग जरा माणसात येतो, पण आकाशगंगेचा हट्ट तिथं धरू नका. पवनेला काढायचे ते स्टार ट्रेल, म्हणजे ताऱ्यांच्या गोल रेघा. त्यांना उजेडाचा त्रास कमी होतो कारण ठळक तारे दिसले तरी पुरतं आणि तासभराच्या एका फोटोऐवजी थोड्या सेकंदांचे पुष्कळ फोटो जोडायचे असतात.

उत्तरेकडे तोंड करा. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर असतो, हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की साधारण तिथं, त्यामुळे कॅमेरा फार वर करायचा नाही, पाणी आणि तंबू खाली येऊ द्या. सप्तर्षी नाहीतर शर्मिष्ठा, दोघांपैकी एक दिसतंच, त्यावरनं मुलांनाच ध्रुव शोधायला लावा. मग तीस सेकंदांचे फोटो लागोपाठ, एकशेवीस काढले की एक तास होतो आणि तासाला रेघ पंधरा अंश वळते. दोन तास काढलेत तर छान गोलाई दिसते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाचं एक ऑप्शन मेन्यूत असतं ते आठवणीनं बंद करा, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ गप्प बसतो आणि रेघा तुटक येतात. घरी येऊन स्टारस्टॅक्समधे सगळे टाका, ते जोडून देतं, फुकट आहे.

धुरकट झाले ते दवामुळे. ऑक्टोबर ते जानेवारी पाण्याकाठी काच हवेपेक्षा गार झाली की त्यावर दव बसतं, आणि ते पुसायचं नाही, पुसलं की परत बसतं आणि काच फराटे मारल्यासारखी होते. लहान मुलाचा जुना मोजा पुढनं कापून लेन्सवर चढवायचा, त्यात हात गरम करायच्या पुड्या मिळतात ट्रेकिंगच्या दुकानात त्या दोन खोचायच्या, काचेच्या कडेला, समोर येऊ न देता. दर वीस मिनिटांनी टॉर्च काचेवर तिरपी मारून बघायची. जास्तीची बॅटरी स्लीपिंग बॅगमधे तुमच्यासोबत झोपवा, गारठ्यात ती लवकर मान टाकते.

आणि बुकिंग करतानाच कॅम्पवाल्याला विचारायचं की रात्री अकरानंतर दिवे बंद करता का. मला तर वाटतं डीजे किती वाजता बंद होतो यापेक्षा हा प्रश्न जास्त विचारला पाहिजे लोकांनी, चार गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक करतात बरोबर. तुमच्याकडे लाल उजेडाची हेडटॉर्च ठेवा किंवा साध्या टॉर्चला लाल जिलेटिन बांधा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कुणीतरी पांढरा टॉर्च तोंडावर मारला की परत पहिल्यापासून.

खरं काळं आकाश बघायचं तर हानलेलाच जावं लागतं का? विदर्भातल्या माणसानं काय करायचं? लडाखचा खर्च झेपत नाही. — एक वाचक, अमरावती

विदर्भातल्या माणसानं पेंचला जायचं, तुमच्या दारात आहे. जानेवारी २०२४ मधे महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोखं आकाश राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली उजेड टाकणारे लावलेत. अर्थात ते वाघाचं जंगल आहे, रात्री मनाला येईल तिथं ट्रायपॉड लावून उभं राहता येत नाही, वनखात्याची जी सोय असेल त्यातूनच बघायचं.

हानले अफाट आहे यात वाद नाही. २०२२ च्या शेवटी ते डार्क स्काय रिझर्व्ह झालं, वेधशाळा साडेचार हजार मीटरवर, हवा कोरडी आणि विरळ, गावातल्या लोकांना दुर्बिणी देऊन शिकवलंय आणि ते पाहुण्यांना आकाश दाखवतात. मे २०२४ च्या सौरवादळात तिथनं लाल अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशसुद्धा टिपला गेला. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. आकाशगंगेचं केंद्र दक्षिणेकडचं, त्यामुळे जितकं उत्तरेला जाल तितकं ते खाली. सह्याद्रीतनं ते बेचाळीस अंशांपर्यंत चढतं, हानलेतनं अठ्ठावीसच्या वर जात नाही, आणि तिथं समोर डोंगर आले की अजून कमी. म्हणजे काळोख त्यांचा, उंची आपली. मेळघाटात, चिखलदऱ्याच्या पलीकडे गावांचे दिवे पाठीशी टाकून दक्षिणेला मोकळं क्षितिज मिळालं तर मार्चच्या पहाटे तुम्हाला जे दिसेल त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही.

हानलेला कधी गेलातच तर लेहमधे दोन-तीन दिवस काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, फोटोच्या घाईत लोक हे टाळतात आणि मग ऑक्सिजन लावून झोपतात. रात्री गाडीचे हेडलाइट लावण्यावर तिथं निर्बंध आहेत.

काजव्यांचे फोटो कसे काढायचे? — एक वाचक, ठाणे

मेचा शेवटचा आठवडा ते पावसाचा जोर सुरू होईपर्यंत, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे. ट्रायपॉड, वीस-तीस सेकंद, आयएसओ १६०० च्या आसपास, फोकस उजेड असतानाच झाडावर करून टेप मारायची आणि मग तीस-चाळीस फोटो काढून लाइटन मोडमधे, म्हणजे प्रत्येक फोटोतला उजळ भाग तेवढा ठेवून, एकत्र करायचे. सोशल मीडियावर जे हजारो काजवे दिसतात ते सगळे असेच जोडलेले असतात, एका क्षणात तेवढे नसतात. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, गाडीचे पार्किंग दिवे पण नाही, कारण ती लुकलुक म्हणजे नर-मादीचं बोलणं आहे, आपण मधे उजेड पाडला की ते थांबतं. झाडाखाली शिरायचं नाही, माद्या बऱ्याचदा खाली गवतात बसलेल्या असतात. वनखात्यानं वेळ ठरवून दिली असेल तर वेळेत निघायचं, गर्दी बघता तेच बरं.

आम्ही तीन मैत्रिणी आहोत, घरचे रात्री डोंगरावर सोडायला तयार नाहीत. त्यांचं चूक आहे असंही वाटत नाही. — कोल्हापूर

त्यांचं चूक नाहीच. पहिल्या काही वेळा संस्थेबरोबर जा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून, मुंबईकडे खगोल मंडळ आहे, यांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात, तिथं सोबत पण मिळते आणि आकाश पण शिकता येतं. स्वतंत्र जायचं तर गावातल्या ओळखीच्या घरी राहायचं, फोटो अंगणातनं नाहीतर खळ्यातनं, गावाच्या पाच मिनिटांच्या अंतरात. जेमिनिडचा उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री असतो, आकाश तेव्हा स्वच्छ असतं आणि त्याला कडा-बिडा काही लागत नाही, सुरुवात त्यानं करा, फक्त चंद्र आहे का बघून.

जागा उजेडात ठरवायची, हे सगळ्यांनाच सांगते. कड्याची धार, दगड, परत यायची वाट दिवसा चालून बघायची आणि ट्रायपॉड धारेपासून चार पावलं मागे. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना मागे सरकायचं नाही. आपल्या सड्यांवर आणि पठारांवर फुरसं असतं, घोणस असते, दोन्ही रात्री फिरतात आणि दगडासारखीच दिसतात, तेव्हा बूट पायात, चालताना पांढरा टॉर्च बिनधास्त वापरायचा, तिथं फोटोचा विचार नाही. तंबूबाहेर काढलेले बूट झटकून घालायचे. ट्रायपॉड जमिनीवरून उचलतानासुद्धा आधी उजेड पाडून बघायचं.

आकाश एका दिवशीचं आणि डोंगर दुसऱ्या दिवशीचा जोडला तर ते खोटं का? आमच्या ग्रुपवर यावरनं भांडणं चाललीत. — एक वाचक, संगमनेर

डोंगर संधिप्रकाशात काढला आणि ट्रायपॉड न हलवता आकाश तीन तासांनी काढलं तर माझ्या लेखी तो फोटोच आहे, कॅप्शनमधे तसं लिहायचं. पण आकाश दुसऱ्याच दिशेचं आणून चिकटवलं तर ते चित्र झालं, आणि ते पकडता येतं बरं का. भंडारदऱ्याहून काढलेला कळसूबाईचा फोटो आणि वर आकाशगंगेचं केंद्र, असे फोटो फिरत असतात. कळसूबाई भंडारदऱ्याच्या उत्तरेला, थोडी वायव्येकडे. केंद्र आपल्याकडनं कधीच उत्तरेला जात नाही, आग्नेयेला उगवतं आणि नैर्ऋत्येला मावळतं. तसा फोटो हवाच असेल तर डोंगराच्या पलीकडे उत्तरेच्या बाजूला जा, तिथनं शिखर दक्षिणेला येतं. तुमच्या ग्रुपवर पुढचा असा फोटो आला की भांडू नका, "कुठून काढला" एवढंच विचारा.